काठेवाडी घोडी, वय २५: फ्योर्डवाल्यांचा सल्ला इथे कितपत चालतो? आणि शेवटची तयारी

पौडफाटा

नमस्कार मंडळी. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे शेतावर एक काठेवाडी घोडी आहे. वय २५, रंग मातकट पिवळा, आयाळीपासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, पायांवर पुसट आडव्या रेघा. सोबतीला १४ वर्षांचा खच्ची घोडा.

दोन महिने झाले, गवत चघळून ओले बोळे तोंडातून टाकते. फासळ्या दिसायला लागल्यात, पण आयाळीखालची चरबी घट्ट आहे. थंडीतली लव मे संपत आला तरी गळलेली नाही. पाणी जवळपास दुप्पट पिते. मागच्या आठवड्यात दोन दिवस पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभी होती. आता चालते, पण वळताना जपून.

सध्याचा खुराक: चंदी (ओट आणि भरडलेला हरभरा) ३ किलो, गव्हाचा कोंडा २ किलो, गूळ पाव किलो, हिरवं नेपियर गवत पोटभर, रात्री कडबा.

अशा पट्ट्याच्या, बुटक्या घोड्यांबद्दल शोधलं की नॉर्वेच्या फ्योर्ड घोड्यांचंच सगळं सापडतं. त्यात लिहिलंय की धान्य बंद करा, गवत तोलून द्या, चरताना तोंडाला जाळी लावा. इथे तर घोडी वाळत चाललीय. मग त्यातलं काय घ्यायचं? आणि दुसरं, पावसाळा तोंडावर आहे. हा पावसाळा तिला झेपला नाही तर काय तयारी हवी, हे आधीच कळलेलं बरं. झोपवणं, खड्डा, कागदपत्रं, सगळं सांगा. आडपडदा नको.

तोबरा

पट्ट्यावर जाऊ नका. फ्योर्ड आणि काठेवाडीच्या अंगावरचा पट्टा एकाच रंगजनुकाचा आहे, पण त्यामुळे दोघांचं पोट सारखं होत नाही. फ्योर्ड म्हणजे १३५ ते १५० सेंमी उंच, ४०० ते ५०० किलोचं रुंद हाडाचं, ओढकामाचं जनावर. थंड डोंगराळ मुलखात थोड्या चाऱ्यावर निभावणारं, त्यामुळे चांगल्या कुरणावर सुटतं. तिकडचा सल्ला लठ्ठ पण दात शाबूत असलेल्या घोड्यासाठी आहे. तुमच्या घोडीची अडचण दुहेरी दिसते: दात संपत आलेत आणि साखर पचत नाही. म्हणून त्यांचा ‘धान्य बंद’ हा भाग आजपासून घ्या, ‘चारा कमी’ हा भाग अजिबात घेऊ नका. अशा घोडीला उपाशी ठेवलं तर रक्तात चरबी उतरते आणि यकृत बसतं. चोवीस तास खाणं सुटलं तर ती तातडीची बाब समजा.

आधी वजन काढा. शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १४८ आली तर साधारण ३१९ किलो. रोजचा सुका चारा वजनाच्या निदान दीड टक्का, म्हणजे अशा घोडीला ४.८ किलो. दर रविवारी मापून लिहून ठेवा. रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला फरक कळत नाही.

आता तुमची यादी.

गूळ आणि चंदी: बंद. अंगावर मांस नाही म्हणून चंदी वाढवायची, ही आपल्याकडची जुनी सवय. पाय पुढे टाकून उभ्या राहिलेल्या घोडीला ती खुरात नडते.

कोंडा: २ किलोतून साधारण २० ग्रॅम फॉस्फरस जातो आणि कॅल्शियम जेमतेम अडीच ग्रॅम. घोड्याला प्रमाण उलटं लागतं, फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. त्यात नेपियरमधलं ऑक्झलेट चाऱ्यातलं कॅल्शियम अडकवून ठेवतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं, जबड्याची हाडं फुगतात, आज या पायाने तर उद्या त्या पायाने लंगडणं सुरू होतं. कोंडा आणि नेपियर एकत्र हे सगळ्यात वाईट. दहा-बारा दिवसांत दोन्ही बाहेर काढा.

कडबा: या दातांना नाही. जाड धांडा न चावता गिळला की आतड्यात बोळा बसतो आणि पोटशूळ ठरलेला. पाऊस पडल्यावर उगवलेली हिरवी कोवळी ज्वारीही नको. त्यातल्या सायनाइडने मूत्राशय आणि मागचे पाय जातात.

त्याऐवजी चारही वेळचं मिळून: डोंगरी किंवा मारवेल गवताची बारीक कुट्टी ३ किलो, सुक्या लसूणघासाची कुट्टी पाऊण किलो, सोयाबीनची टरफलं १ किलो, सोयापेंड पाव किलो, मीठ ३० ग्रॅम. तेल ५० मिलीपासून सुरू करून दोन आठवड्यांत १५० पर्यंत. गवताची कुट्टी आधी अर्धा-एक तास साध्या पाण्यात बुडवा आणि ते पाणी फेकून द्या, साखर त्यात उतरते. मग सगळं एकत्र करून सुक्या वजनाच्या अडीच-तीनपट पाण्यात तासभर. थालीपिठाच्या पिठासारखं घट्ट नको, पिठल्याइतकं सैल हवं. उन्हाळ्यात तासाच्या पुढे ठेवलं की आंबतं, म्हणून प्रत्येक वेळचं ताजं. पाटी जमिनीवर ठेवा, तोंडाला बांधायची तोबऱ्याची पिशवी लावू नका (नावाला जागून मीच सांगतो): खाली मान घालून खाल्लं की नळीत अडकायची भीती कमी.

आणि एक. गाईची किंवा कोंबड्यांची पोत्यातली पेंड चुकूनही नको. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र थोड्याशा मात्रेत कायमचं बिघडतं.

कानस

खुराकाचं वर आलंच आहे, मी खुरांचं सांगतो. ‘दोन दिवस उभी होती, आता चालते’ याला बरं झालं म्हणू नका. पाय पुढे टाकून मागे रेललेली घोडी म्हणजे खुराच्या आतला दाह, लॅमिनायटिस. आतलं हाड खुराच्या भिंतीला ज्या पापुद्र्यांनी धरलेलं असतं ते सुजून सैल होतात, आणि वर सगळं वजन. पापुद्रे सुटले की हाडाचं टोक तळव्याकडे वळतं.

रोज सकाळी दोन गोष्टी बघा. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोट ठेवा. एरवी नाडी शोधावी लागते, दाह असला की ठणठण लागते. दुसरं, खुराला हात लावून चारही पायांचं तापमान ताडून बघा. नाडी ठणकते तेव्हा चालवायचं नाही, कोणी ‘फिरवा म्हणजे मोकळी होईल’ म्हणालं तरी नाही. गुडघ्याखालपर्यंत बर्फाचं पाणी, अगदी सुरुवातीचे दोन-तीन दिवस अखंड. एकदा बादलीत पाय बुडवून भागत नाही. उभं राहायला ८ इंच वाळू किंवा भाताच्या तुसाचा जाड थर. मुळशीत तूस मुबलक आहे. फक्त ती तूस खात नाही ना ते बघा, तेही आतड्यात बसतं.

नाल असतील तर डॉक्टरांना दाखवून मग काढा. क्ष-किरण फोटोशिवाय टाच खाली घेऊ नये. पुढचा बोटाकडचा भाग मागे आणायचा, तळवा अजिबात खरवडायचा नाही. एरवी ६ ते ८ आठवड्यांनी होणारी छाटणी हिच्या बाबतीत ४ ते ५ आठवड्यांवर आणा, दर वेळी थोडी. पुढच्या टोकामागे तळवा फुगीर दिसला किंवा खुराच्या वरच्या कडेला बोट जाईल अशी खोबण पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर.

अश्ववैद्य

न गळणारी लव, वाढलेली तहान, घट्ट चरबी, वाळलेली पाठ आणि खुरांचा दाह. पंचवीस वर्षांच्या घोडीत हे सगळं एकत्र दिसलं की पहिला संशय मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराचा, ज्याला कुशिंग म्हणतात. रक्तातलं एसीटीएच (याच ग्रंथीचं संप्रेरक) आणि इन्सुलिन तपासून घ्या. नमुना जांभळ्या टोपणाच्या नळीत, बर्फावर, आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) लगेच वेगळा करायचा. प्रयोगशाळेला आधी फोन करून घोड्याचा नमुना घेतात का ते विचारा. ऑगस्ट ते ऑक्टोबर एसीटीएच निसर्गतःच चढतं, म्हणून आत्ताच करा. औषध पर्गोलाइड, सुरुवात किलोमागे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे हिला दिवसाला ०.६४ मिलीग्रॅमच्या आसपास. पहिल्या आठवड्यात भूक मंदावली तर मात्रा अर्धी करून हळूहळू चढवतात. हे सगळं चिठ्ठीवर, मनाने नाही. लव कातरून टाका. तापमान फॅरनहाइटमध्ये आणि आर्द्रता टक्क्यांत घेऊन बेरीज करा: १५० च्या पुढे घोड्याला घामाने गार होणं अवघड जातं. मेमधले १०० अंश आणि ३० टक्के यांची बेरीज १३०. जूनमधले ८६ अंश आणि ८० टक्के यांची १६६. म्हणजे हिला मेपेक्षा जून जड.

दात वर्षातून दोनदा दाखवा, पण जास्त कानस मारून घेऊ नका. या वयात हिरडीखाली दातच उरलेला नसतो, घासलेला परत येत नाही.

वेदनेसाठी मेलोक्सिकॅम, किलोमागे ०.६ मिलीग्रॅम, दिवसातून एकदा. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक २००६ पासून आणि किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक २०२३ पासून बंद आहेत, कारण ही औषधं दिलेल्या जनावराचं शव खाल्लं की गिधाडं मरतात. कोणी जुनी बाटली काढून दिली तर घेऊ नका.

आता शेवटाबद्दल. भिंतीवर एक कागद लावा आणि रोज पाच गोष्टींपुढे हो किंवा नाही लिहा: पाटी संपवली का, लीद नेहमीएवढी का, स्वतःहून पाण्यापर्यंत गेली का, सोबतीच्या घोड्याजवळ उभी राहते का, रात्री आडवी झाली का. शेवटची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घोडा उभ्याने डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी थोडा वेळ तरी त्याला आडवं व्हावंच लागतं. उठता येणार नाही या भीतीने म्हातारं जनावर आडवं होणं सोडतं, मग उभ्याउभ्या कोसळतं. पुढच्या सांध्यांवर समोरून खरचटलेलं दिसलं तर त्याचं कारण बहुधा हेच. आठवड्यात चार दिवस दोनापेक्षा जास्त ‘नाही’ आले, की मला पावसाळ्याची वाट बघावीशी वाटणार नाही.

त्याच दिवशी निर्णय घ्यावा लागतो अशा गोष्टी थोड्या आहेत: हाडाचं टोक तळव्यातून बाहेर येणं, औषध देऊनही न थांबणारा पोटशूळ, नाडी मिनिटाला ६० च्या वर टिकून आणि हिरड्या विटकरी किंवा निळसर (निरोगी घोड्याची नाडी २८ ते ४४), आणि पडलेली घोडी आधार देऊनही न उठणं. पडल्यावर दर दोन-तीन तासांनी कूस बदलली नाही तर खालचे स्नायू स्वतःच्याच वजनाखाली मरतात.

झोपवण्याची पद्धत. नोंदणीकृत पशुवैद्यच हवा आणि मालकाची लेखी संमती. मानेच्या शिरेत जाड कॅन्युला (औषधाची नळी) बसवून टाकेने पक्की करतात, मग गुंगीचं औषध, मान खाली आल्यावर भुलीचं औषध जास्त मात्रेत. काही जण नंतर पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमचं द्रावण देतात. ते पूर्ण भूल चढल्यावरच चालतं. आधी देणं ही क्रूरता आहे, हे डॉक्टरांशी बोलून घ्या, संकोच नको. घोडी गुडघ्यांतून खचते किंवा एका कुशीवर जाते. दोर लांब ठेवा, समोर कोणी उभं राहू नये. डोळे उघडेच राहतात. एखाददुसरा खोल श्वास, कातडीचं थरथरणं, लघवी हे नंतर होतं. ती तेव्हा शुद्धीत नसते. डॉक्टर हृदयाचे ठोके काही मिनिटं ऐकतात आणि बुबुळाला स्पर्श करून बघतात, तोवर कोणी हलवायचं नाही.

सकाळची वेळ घ्या. उजेड असतो, जेसीबी मिळतो, आणि काही अडलं तर दिवस हाताशी असतो.

पौडफाटा

कागद आजच लावतो. खड्ड्याचं कोणी सांगेल का? आमच्याकडे वरची चार फूट माती-मुरूम, खाली काळा पाषाण. आणि एक शेजारी म्हणतात दोन पोती मीठ टाका.

मुरूम आणि माती

फ्योर्डवाले हा निर्णय शरदात घेतात, कारण तिकडे नंतर जमीन गोठते आणि बर्फावर म्हातारा घोडा घसरतो. आपल्याकडे गोठत नाही, चिखल होतो. मृग लागला की मुळशीच्या शेतात जेसीबी बांधापलीकडे येत नाही, आणि काळ्या जमिनीत खणलेला खड्डा तासाभरात विहीर होतो. म्हणून जागा मेमध्येच ठरवा. उंचवट्यावरची मुरमाड जागा, नाल्यापासून लांब. ब्रिटनमध्ये पिण्याच्या विहिरीपासून २५० मीटर अंतर धरतात, आपणही ते धरावं. जिथून ट्रॅक्टर जातो तिथेच, कारण घोडी खड्ड्यापर्यंत चालत गेली तर पुढचं सगळं सोपं होतं.

माप ९ फूट लांब, ६ ते ७ फूट रुंद, ८ ते ९ फूट खोल. वर निदान ४ फूट माती बसली पाहिजे. चार फुटांवर पाषाण लागत असेल तर ब्रेकर लावावा लागेल किंवा जागा बदलावी लागेल. माझी शिफारस: आत्ताच एकदा पूर्ण खणून बघा आणि तीच माती परत भरा. उघडा ठेवू नका, गुरं पडतात. भरलेल्या जागेवर ढिगारा करा, भोवती चर काढा, चार कोपऱ्यांना खुंट्या. नंतर भर जुलैमध्येही तेवढाच भाग दोन तासांत निघतो.

मीठ नको. मिठाने कुजणं थांबतं आणि जमीन मरते. चुन्याचंही तसंच. अंगावर थेट चुना टाकला की कुजायला उलट वेळ लागतो. कुत्र्यांसाठी आणि वासासाठी टाकायचाच असेल तर वरच्या दोन फुटांत पातळ थर. वर दीड-दोन फूट उंचवटा ठेवा. काही महिन्यांत जमीन बसते, तेव्हा परत भर घाला.

भुलीच्या औषधाने गेलेल्या घोडीचं मांस विषारी असतं. कुत्री, घारी, कोल्हे त्याने मरतात. म्हणून कातडं काढायला कोणाला द्यायचं नाही, रात्रभर उघडं ठेवायचं नाही. अंग काही तासांत ताठतं, पाय आधी दुमडून घ्या, नाहीतर ७ फुटांत बसत नाही.

महापालिका हद्दीत असाल तर हे सगळं बाद. तिथे मोठ्या जनावराची विल्हेवाट त्यांच्याच यंत्रणेमार्फत, आधी फोन करून. तुम्ही ग्रामपंचायत हद्दीत आहात, तरी ग्रामसेवकाच्या कानावर घालून ठेवा.

अश्ववैद्य

एक भर. घोडी आपोआप, अचानक गेली आणि नाकातून न गोठणारं काळं रक्त आलं, तर काळपुळीचा (अँथ्रॅक्स) संशय. शव उघडायचं नाही, हलवायचं नाही. नाकातून चिकट पू आणि कातडीवर गाठी फुटलेल्या असतील तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा. दोन्ही माणसाला होतात, दोन्ही कळवणं कायद्याने बंधनकारक. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा जनावरांच्या हेल्पलाइनचा १९६२ क्रमांक. तपासणीसाठी पुण्यात औंधची रोगनिदान प्रयोगशाळा आहेच. आणि अवघड निदानासाठी घोडी हलवण्याजोगी असेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय.

विमा असेल तर झोपवण्याच्या आधी कंपनीला लेखी कळवा, नंतर नाही. डॉक्टरांचा दाखला, चारही बाजूंचे फोटो, चिपचा क्रमांक. शर्यतीचा थरोब्रेड असता तर पुण्यातल्याच स्टड बुक अथॉरिटीला (थरोब्रेडची वंशनोंदणी ठेवणारी संस्था) कळवून पासपोर्टही परत द्यावा लागला असता. काठेवाडीला ते नाही.

तोबरा

सोबतीच्या घोड्याचं कोणी लिहिलं नाही. त्याला लांब कोंडून ठेवू नका. सगळं झाल्यावर मोकळ्या दोराने आणा, हवं तेवढा वेळ हुंगू द्या. बहुतेक घोडे थोड्या वेळाने स्वतःच वळून चरायला लागतात. न दाखवता नेलं तर तो दिवसेंदिवस कुंपणाकडेने धावत, खिंकाळत शोधत राहतो. पुढचे तीन-चार दिवस त्याची लीद आणि पाणी मोजा. एकटा ठेवायचा नसेल तर बकरी किंवा गाढवही चालतं, पण ते आधीच आणून ओळख करून द्या. गाढवाची ग्लँडर्सची तपासणी करूनच आणा.

शेपटीचे केस ठेवायचे असतील तर ते आधी, ती उभी असताना घ्या. आतल्या बाजूची बोटभर जाडीची बट, वरच्या टोकाला दोऱ्याने दोन ठिकाणी घट्ट बांधून मग त्याच्या वर कातरायची. आधी कातरून मग बांधायला गेलात तर हातात विस्कटते. रिठ्याच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते.